चेहऱ्यांची जागा

नाशिकच्या मेंदूविज्ञान प्रयोगशाळेत डॉ. फडतरेंनी शाल्मलीच्या डोक्यावरची, मेंदूला वाचन शिकवणाऱ्या अक्षरसेतू यंत्राची टोपी उतरवली. नऊ वर्षांच्या शाल्मलीला 'घर' आणि 'धर' यांतला फरक दिसत नसे. वर्गातली मुलं तिला 'ढ' म्हणत. आज तिने गोष्टीचं अख्खं पान न अडखळता वाचलं.

तिथल्या सगळ्यांसारखाच पांढरा अंगरखा घातलेली तिची आई, हेमलता, डोळे पुसत पुढे आली. शाल्मली मागे सरकली.

"तुम्ही कोण?"

"अगं, मी!"

"आई?" आवाज ओळखून ती गळ्यात पडली. पण नजर चेहऱ्यावर ठरेना.

तपासण्या झाल्यावर फडतरेंनी हेमलताला समोर बसवलं.

"निसर्गाने मेंदूत अक्षरांसाठी जागा राखलेली नाही. लिपी फार उशिरा आली. वाचायला शिकताना आपण चेहरे ओळखणाऱ्या भागातली थोडी जागा घेतो. सेतूने हिच्या मेंदूत ती सगळीच घेतली."

"मग सेतूने केलेलं पुसून टाका."

"चेहरे परततील, अक्षरं जातील. कायमची. आणि निर्णय लवकर घ्या. हे जाळं एकदा पक्कं झालं की काही करता येणार नाही."

घरी शाल्मलीने ऐकून घेतलं आणि आईचा हात घट्ट धरला.

"मला परत ढ नाही व्हायचं. तुझा आवाज ओळखते ना मी?"

संमतीचा अधिकार हेमलताचा होता. फडतरेंना कळवायला तिने दोनदा फोन उचलला आणि दोन्ही वेळा ठेवून दिला. बघता बघता मुदत सरली.

शाळेच्या स्नेहसंमेलनात शाल्मलीने मंचावरून स्वतः लिहिलेला निबंध वाचला. टाळ्यांचा कडकडाट झाला. खाली उतरून ती गर्दीत आईला शोधू लागली. प्रवेशद्वारावर प्रत्येकाच्या छातीवर एक चिठ्ठी चिकटवली होती. शाल्मली एकेक चिठ्ठी वाचत पुढे येत होती. पालक. पालक. पालक.

नवी साडी नेसून मागाहून आलेली हेमलता हाक मारणार होती, पण थांबली. एकदा, फक्त एकदा, लेकीने आपल्याला बघून ओळखावं असं तिला वाटलं.

शाल्मली तिच्यासमोर आली, चिठ्ठी वाचली, मान वर करून तिच्याकडे बघितलं आणि अदबीने हसली.

"काकू, माझी आई दिसली का हो तुम्हाला?"