पंख्याआडचा घास

कानसेनला किळस अशी कशाचीच नव्हती. मोरी तुंबली तर तो बाह्या सरसावून कोपरापर्यंत हात घालायचा, मेलेला उंदीर शेपटीला धरून बाहेर नेऊन टाकायचा. पण समोर कुणी चहाचा फुर्रकन घोट घेतला, की त्याच्या मानेवरचे केस उभे राहायचे. कानसेन हे नाव मेहुण्यानं ठेवलेलं. नवा जावई पहिल्यांदा सासरी जेवायला बसला, मेहुण्यानं बोटं चाटली, आणि जावई भरल्या ताटावरून उठला. तेव्हापासून सगळ्या नात्यागोत्यात तो कानसेन.

आणि थट्टा अशी, की पोटापाण्याला त्यानं धंदा निवडला तोही तोंडाचाच. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी बायको पुस्तकं वाचायची आणि तो ती रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर साफ करायचा. वाचताना माणूस नुसता वाचत नाही. ओठ सुटताना चट् वाजतात, जीभ टाळूला चिकटून सुटते, दातांच्या फटीत लाळ बुडबुडते, मध्येच आवंढा गिळला जातो. माइक मेला सगळं ऐकतो. कानसेन हेडफोन लावून, दात आवळून, असा एकेक आवाज पडद्यावर हुडकायचा, त्यावर काळा पट्टा ओढायचा आणि खोडून टाकायचा. मागे उरायचा बायकोचा आवाज, धुतलेल्या काचेसारखा लख्ख. त्या आवाजावर त्याचा फार जीव.

बायकोबरोबर मात्र तो जेवत नसे. ती स्वयंपाकघरात, दार लोटून. हा कामाच्या खोलीत, कॉम्प्युटरच्या पेटीशेजारी. पेटीतला पंखा घरघर करायचा आणि त्या घरघरीत दारापलीकडचं चावणं बुडून जायचं. जेवण संपल्यावर ती जीभ दातांवरून फिरवायची, शेवटी चक् करायची. तेवढं एक पंख्यालाही दाबता यायचं नाही. कानसेन तेव्हा कानांत बोटं घालायचा.

"माझ्या तोंडाशी तुमचं वैर," ती म्हणायची, "आणि घर चाललंय माझ्याच तोंडावर."

हसून म्हणायची, पण ताट उचलून एकटीच आत जाताना पाठ काही हसत नसे.

असं सगळं सुरळीत होतं. मग प्रकाशनगृहातल्या तपासनीस बाईंनी एक अख्खं पुस्तक परत पाठवलं. फोनवर म्हणाल्या, "आवाज सुरेख आहे हो. पण मागे कुणीतरी पीठ दळतंय."

दळत होता तो पंखाच. आजवर बाईंच्या कानाला ते जाणवलं नव्हतं, आता जाणवलं. माइक आणि पेटी एकाच खोलीत, आणि स्वयंपाकघर सोडलं तर घराला दुसरी खोली नाही. तेव्हा प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा बदलून गुमान चालेल असा बसवायचा, एवढाच उपाय.

"कशाला बदलताय?" बायको म्हणाली. "त्या घरघरीच्या आडोशाला मला आवंढा तरी मोकळेपणी गिळता येतो."

"काम हातचं जाईल."

"मग बदला. पण सांगून ठेवते, सगळंच गप्प करायला जाऊ नका."

सुट्या भागांचा दुकानदार च्युइंगगम चघळणारा होता. कानसेन काउंटरपासून लांबच उभा राहिला.

"साहेब, छोटा पंखा बोंबलणारच," दुकानदार चघळत म्हणाला. "जीव लहान, गरगर फिरावं लागतं. मोठा घ्या. मोठा सावकाश फिरतो. मोठी माणसं कशी हळू बोलतात, तसं."

"तुम्ही अंगानं चांगले मोठे आहात," कानसेन त्याच्या जबड्याकडे बघत म्हणाला.

दुकानदाराला विनोद आवडला. त्यानं एक फुगा काढून फोडला.

नवा कूलर म्हणजे धातूच्या पातळ पात्यांचा ठोकळा आणि त्याला टेकलेला ताटाएवढा पंखा. कानसेननं प्रोसेसरवरची, उष्णता ठोकळ्यात पोचवणारी जुनी वाळलेली पेस्ट खरवडली, नवी पांढरी पेस्ट वाटाण्याएवढी घातली. दात घासताना कुणी तिथं थुंकलंय असंच ते दिसत होतं. त्यानं तोंड वाकडं करून ठोकळा वरून दाबला, स्क्रू पिळले. घरघरीची कुजबुज झाली.

कुजबुजीत नवीनच पंचाईत. आजवर घरघरीखाली दडलेले बारीकसारीक आवाजही आता ऐकू यायला लागले. जिभेचं नुसतं हलणं, ओठांच्या कोपऱ्यातली चिकट सुटका. कानसेननं तेही खोडले. पूर्वी मूठभर खोडायचा, आता सूपभर.

एका दुपारी तो असाच खोडत बसला असताना ऐकू आलं: चप.

रेकॉर्डिंग थांबवलं. हेडफोन काढला.

चप. गुडघ्याजवळून. पेटीतून.

वायर पंख्याला घासत असेल म्हणून त्यानं झाकण उघडलं. वायर जागच्या जागी होती. नव्याकोऱ्या पात्यांवर मात्र राखाडी साय धरली होती. त्यानं बोट लावलं. साय ओली होती, कोमट होती, आणि बोट मागे घेतल्यावर बोट नि पातं यांच्यामध्ये एक पातळ तार लांबत गेली. किळस येणाऱ्या माणसाला वास घेतल्याशिवाय राहवत नाही. त्यानं हुंगलं. उकडलेलं अंडं.

अंडं सकाळी बायकोनं खाल्लं होतं. त्यानं नाही.

कातडं सोलवटेपर्यंत हात धुऊन तो पुन्हा दुकानात गेला.

"मग पाण्यावर चालणारा घ्या," दुकानदार म्हणाला. "पंप, दोन नळ्या, आत पाणी. वरचा पंखा नावापुरता. आवाजाचं नाव नाही. गार पाणी प्यायल्यासारखा प्रोसेसर खुशीत."

झालंही तसंच. पंप बसवला त्या दिवशी कानसेननं एका प्रकरणातले सगळे आवंढे खोडले, अगदी एकूण एक, आणि पाठ टेकून बसला. स्वयंपाकघरात संत्रं खाऊन झाल्यावर बायकोनं पेला उचलला. तो ओट्यावर परत ठेवल्याचा आवाजही आला. या दोन आवाजांच्या मधलं पाणी गिळणं तेवढं तिथून आलं नाही.

ते आलं पेटीतून. घटक. घटक. घटक.

नळ्या सोडवून, पिशवीत कोंबून, हात अंगापासून लांब धरून तो दुकानात पोचला. दुकानदारानं एका नळीचं टोक कापून ती ट्रेमध्ये रिकामी केली. येणार होतं ते नितळ पाणी. आलं पांढुरकं, तार धरलेलं, संत्र्याच्या चोथ्यासकट. शेवटी एक बी टपकन पडली.

दुकानदाराचा जबडा थांबला. त्यानं च्युइंगगम तोंडातून काढून कागदात गुंडाळलं.

"साहेब, ह्यात कुणीतरी थुंकलंय."

"नळी तर बंद असते ना? कारखान्यातूनच?"

"तेच म्हणतोय मी."

मग दुकानदारानं वरच्या फळीवरून एक जड खोकं काढलं आणि पट्टीनं ढकलत काउंटरच्या ह्या टोकाला आणलं. "ह्यात पंखाच नाही. पंप नाही, पाणी नाही. नुसती जाड पाती, आपली आपण गार होतात. ह्याच्यापुढे गप्प काही मिळत नाही. आणि बिघडलं तरी परत आणू नका."

तो बसवला आणि खोली अशी गप्प झाली, की कानसेनला आपल्याच पापण्या ऐकू येतात की काय असं वाटलं. बायको वाचायला बसली. प्रकरण झालं. त्यानं हेडफोन लावला, खोडायला बसला आणि खोडायला काही सापडेना. एक चट् नाही, एक आवंढा नाही. तपासनीस बाईंचा फोन आला, "आता कसं! वहिनी वाचताहेत की देवदूत?"

त्या दुपारी कानसेन आपलं ताट घेऊन स्वयंपाकघरात गेला आणि बायकोसमोर बसला. ती बघतच राहिली. कडक भाजलेला पाव होता, सफरचंद होतं. तिनं चावलं, आवाज झाला नाही. पाणी प्यायली, झाला नाही. कानसेन हात पसरून, पाय पसरून जेवला.

"किती वर्षांनी," बायको म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. ओठ मात्र कागदासारखे कोरडे.

मग रोजच ते एकत्र जेवू लागले. आणि बायको वाळू लागली. आधी बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, मग गळ्याची हाडं वर आली. डॉक्टरांनी जीभ बाहेर काढायला लावली. "फार कोरडी आहे. खातात ना नीट?"

"माझ्या दुप्पट," कानसेन म्हणाला.

घरी येताना ती म्हणाली, "अहो, चवच लागत नाही. घास तोंडात जातो, तिथून पुढे कुठे जातो कळत नाही. पोटात काही पोचतच नाही. मला भीती वाटतेय."

"वय झालं," कानसेन म्हणाला. जास्त विचारायची त्याची छाती होईना. जेवणं कशी छान चालली होती.

मग खोलीत वास यायला लागला. आंबूस. न घासलेल्या तोंडाचा.

बायको आत जेवायला बसली होती. "या ना," तिनं हाक मारली. "आलोच," म्हणून त्यानं पेटीचं झाकण काढलं.

पात्यांमधल्या फटी गच्च भरल्या होत्या. चावलेला पाव. गाजर. सफरचंदाची साल. वरचं ताजं, खालचं हिरवंकाळं, बुरसटलेलं. सगळ्यावर फेसाळ लाळ.

ते हलत होतं. हळूहळू, हिसक्या-हिसक्यानं, आत ओढलं जात होतं. गळा गिळतो तसं.

स्वयंपाकघरात चमचा ताटाला लागला.

वरच्या पात्यावर एक नवा घास आला. त्यातून वाफ निघत होती.

कानसेन मोरीत ओकला. मग माळ्यावरून जुना पंखा काढला. डोळे अर्धे मिटून तो ठोकळा उपटला, पिशवीत घालून गाठ मारली, जुना पंखा जुन्या जागी आवळला. बटण दाबलं. पीठ दळायला लागलं.

आतून आवाज आला. घटाघटा. ढसाढसा.

"अहो! गोड आहे! पाणी गोड आहे!"

ती खात सुटली. मचमच, कुरुमकुरुम, हनुवटीवरून रस गळतोय. कानसेन समोर बसला होता, टेबलाची कड घट्ट धरून, घशाशी आलेलं मागे ढकलत. पण हसत होता. तिच्या गालांवर रंग चढताना त्यानं पाहिला.

तपासनीस बाई कुरकुरल्या, मग म्हणाल्या, "बरं, चालवून घेऊ पीठ." रेकॉर्डिंगमधला एकही आवाज कानसेन आता खोडत नसे. का ते त्यानं स्वतःलाही सांगितलं नव्हतं; हात धजत नसे एवढंच. बायको भरली. बांगड्या पुन्हा मनगटावर आल्या.

एका दुपारी तो नवं प्रकरण ऐकत होता. स्वयंपाकघराचं दार आता उघडंच असायचं. ती सफरचंद घेऊन बसली होती. दात आवळून तो शेवटच्या वाक्यापर्यंत आला.

शेवटच्या शब्दाआधी तिचे ओठ सुटले होते. चट्. ओलं, जाड, कानात जीभ घातल्यासारखं.

त्यानं ते परत ऐकलं. अंगावर काटा आला. पुन्हा ऐकलं.

एवढं एकच, तो मनाशी म्हणाला. पंखा तर चालू आहे.

काळा पट्टा ओढला. खोडलं.

आत सफरचंदाचा चावा निम्म्यात थांबला.

पंखा घरघरत होता. त्या घरघरीत, त्याच्या गुडघ्याजवळ, तो निम्मा राहिलेला घास कुणीतरी सावकाश चावून संपवला. गिळला.

मग जीभ दातांवरून फिरली. आणि शेवटी, चक्.