फक्त तिलाच जुनं दिसत होतं

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा त्याच्या शर्टाचं तिसरं बटण गायब होतं आणि त्या जागी त्याने स्टेपलरची पिन मारली होती. पिन अगदी सरळ बसली होती. म्हणजे माणूस निष्काळजी होता, पण व्यवस्थित.

"बटण हवंय," तो म्हणाला.

"कशाला? पिन छान दिसतेय," ती म्हणाली.

त्याने शर्टाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा शर्टाकडे. दोघांपैकी कुणावर विश्वास ठेवावा हे त्याचं ठरत नव्हतं.

"दोन भोकांचं की चार?"

"फरक काय पडतो?"

"दोन भोकांचं पटकन लागतं. चार भोकांचं टिकतं."

एवढा गंभीर प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नसावा. बराच विचार करून तो म्हणाला, "चार."

दुकान तिच्या बाबांचं होतं आणि तिथे फक्त बटणं मिळत. दोरासुद्धा नाही. दोरा हा आपला विषय नव्हे, असं बाबा सांगत. दुकानाची वेबसाइट मात्र तिची होती. लोक आपल्या उरलेल्या बटणाचा फोटो पाठवत आणि ती हजारो डब्यांतून त्याचा जोडीदार शोधून धाडून देई. काम चांगलं चाललं होतं, वेबसाइट चालत नव्हती. मावसभावाने ती कुठल्याशा स्वस्त कंपनीकडे ठेवली होती. पान उघडायला लावून माणूस जेवून हात धुऊन आला तरी वर गोल फिरतच असे.

"मी जागा बदलून देतो," तो म्हणाला. तो पलीकडच्या इमारतीत, एका होस्टिंग कंपनीत कामाला होता.

"दुकानाची?"

"वेबसाइटची. दुकान इथेच राहील." हे त्याने जरा जास्तच घाईने सांगितलं. "डोमेन म्हणजे तुमच्या नावाची पाटी आणि होस्टिंग म्हणजे जागा. आपण सामान नव्या जागेत हलवायचं आणि पाटी तिकडे नेऊन टांगायची."

"आणि जुने लोक पाटी सोडतील?"

"मागितलीत की ते तुम्हाला एक कोड पाठवतील. तो कोड मला दिलात की संपलं काम."

कोड त्याच संध्याकाळी आला. तिने तो नीट वाचला आणि दुसऱ्या दिवशी त्याला म्हणाली, "नाही आला बाई अजून."

खोटं बोलायची तिला सवय नव्हती, म्हणून ती फार सफाईने बोलली. पण 'संपलं काम' हे दोन शब्द तिला रात्रभर टोचले होते. काम संपलं की तो कशाला येईल? एका माणसाला बटणं लागून लागून लागणार किती?

बरीच लागत होती. त्याच्या शर्टांची बटणं अलीकडे भराभर पडू लागली होती आणि दोऱ्याची टोकं कात्रीने कापल्यासारखी सरळ होती. तिला ते दिसत होतं. ती काही बोलली नाही. गिऱ्हाईकाला दुखवू नये.

बटण ती शर्ट त्याच्या अंगात असतानाच लावून देई. दोरा ती घरून आणे, बाबांपासून लपवून. सुई आतबाहेर होत असताना तो पुतळ्यासारखा उभा राही.

"श्वास घ्या," ती म्हणे.

"हलेल."

"हलू दे."

तो श्वास घेई... आणि तिची सुई उगाचच चुके.

मग तो काऊंटरच्या टोकाला लॅपटॉप उघडून बसे. नव्या जागेत तिची वेबसाइट तो मांडत होता, एका तात्पुरत्या पत्त्यावर, जो अजून फक्त त्याला माहीत होता. नव्या पानावर मजकूर कसा लिहायचा, एवढं मात्र त्याने तिला शिकवून ठेवलं होतं.

"पाटी हलवली की सगळ्यांना लगेच नवं दिसेल?" तिने एकदा विचारलं.

"नाही. ज्याच्या त्याच्या इंटरनेटवाल्याने जुना पत्ता लक्षात ठेवलेला असतो. काही काळ अर्ध्या जगाला नवं दिसतं, अर्ध्याला जुनं."

"आणि मला?"

"ते तुमच्या इंटरनेटवाल्याच्या मनावर." तो घुटमळला. "कोड... आला नसेलच ना?"

"छे!"

"बरं झालं," तो म्हणाला. मग चपापला. "म्हणजे... वाईट झालं."

शेवटी कंटाळले ते बाबा. एका दुपारी त्यांनी दुकानाच्या मेलमध्ये तो कोड पाहिला, त्याच्या कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला आणि तिकडच्या एका मुलीला तो वाचून दाखवला. मुलीने चहा निवायच्या आत पाटी हलवून दिली.

"झालं की!" बाबा म्हणाले. "तो सर्व्हरवाला इतके दिवस काय करत होता कोण जाणे."

संपलं काम. तिने आपल्या संगणकावर पान उघडलं. तिथे जुनंच दिसत होतं, वर गोल फिरत होता. तिला त्या गोलाबद्दल पहिल्यांदाच माया वाटली.

तेवढ्यात आत्याचा फोन आला. आत्या रोज चहाबरोबर ही वेबसाइट बघे, कारण तिच्या मते दुसरीकडे सगळी भांडणंच असतात.

"काय गं, मुलगा दिसायला कसा आहे?"

"कोण मुलगा?"

"तुझ्या वेबसाइटवरचा."

"वेबसाइटवर बटणं आहेत, आत्या."

"बटणंही आहेत, खाली. वर मुलगा आहे. त्याने तुला लिहिलंय."

तिच्या हातातला डबा कलंडला. "काय लिहिलंय?"

"मी का वाचून दाखवू? तुला लिहिलंय, तू वाच. एक अनुस्वार राहिलाय, तेवढं सांग त्याला."

तिने पान पुन्हा उघडलं. जुनं. पुन्हा... जुनं. समोरचे चष्मेवाले काका रस्ता ओलांडून आले आणि काही न बोलता बाबांशी हात मिळवून गेले. एका गिऱ्हाईकाची मागणी आली: निळी बटणं, सहा, आणि खाली, 'हो म्हणून टाका.' बाबांनी आपल्या फोनवर पान उघडलं, वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"अक्षर मोठं हवं होतं," ते म्हणाले आणि आतल्या खोलीत डबे लावायला निघून गेले. डबे लावलेलेच होते.

सगळ्या जगाला कळलं होतं. फक्त तिलाच जुनं दिसत होतं.

आणि मग तो आला, धापा टाकत.

"वाचलंत?"

"मला जुनंच दिसतंय."

त्याच्या चेहऱ्यावर एवढी सुटका पसरली की तिला रागच आला. "मग काढून टाकतो लगेच! ते तात्पुरतं होतं... म्हणजे मजकूर तात्पुरता नव्हता, पण जागा... मी आज तुम्हाला एकटीला दाखवणार होतो. साहेबांनी सांगितलं तेव्हा कळलं पाटी हलली ते. तुम्हाला कळणारही नाही—"

"माझ्या आत्याला कळलंय."

त्याने कपाळाला हात लावला.

"त्या दुसऱ्या पत्त्यावर लगेच दिसेल," तो हळूच म्हणाला. "दाखवू?"

"तात्पुरत्या पत्त्यावरचं मला नको. आपल्या पत्त्यावर येऊ दे." तिने पायाने स्टूल पुढे सरकवलं. "आणि माझ्याकडे दिसेपर्यंत काढायचं नाही. बसा."

तो बसला. दोघं पडद्याकडे बघत राहिले. ती पान उघडे, जुनं येई. बाहेर उन्हं उतरली. त्याचा कोपर तिच्या कोपराला लागला आणि तिथेच राहिला, वर गोल फिरत राहिला.

"कोड पहिल्याच दिवशी आला होता," ती पडद्याकडेच बघत म्हणाली.

त्याने खिशातून एक छोटी कात्री काढली आणि काऊंटरवर ठेवली.

"माहितीये," ती म्हणाली.

आणि पान बदललं. गोल फिरला नाही, काही नाही... एकदम समोर:

'इथे मजकूर येईल. तोवर खरं सांगतो. हे काम एका दुपारचं होतं. रोज येतो तो काऊटरमागच्या मुलीसाठी. तिने विचारलं होतं, दोन की चार? मला टिकणारं हवंय. तिला चालेल का?'

तिने दोनदा वाचलं. मग कीबोर्ड आपल्याकडे ओढला, 'काऊटर'वर अनुस्वार दिला, खाली काहीतरी लिहिलं आणि मागे टेकून बसली.

"काय लिहिलंत?"

"बघा की."

त्याने घाईघाईने फोन काढून पान उघडलं. पुन्हा उघडलं. मग त्याने केविलवाण्या चेहऱ्याने मान वर केली.

"मला... जुनंच दिसतंय."

ती पहिल्यांदाच मनापासून हसली.

"मग बस वाट बघत," ती म्हणाली.