विल्बरचं वजन

वीज गेली होती. चुलीवर बटाटे शिजत होते. आरोग्य केंद्राच्या पडवीत आना आणि मी, दोघी नव्या नर्स, लिबोरिओ काकांपुढे बसलो होतो. केंद्राची गाडी काका वर्षानुवर्षं चालवत आलेले. उद्या आम्हाला घराघरांत जाऊन लहान मुलांची वजनं करायची होती.

"तुमच्याआधी इथं एडेल्मिरा सिस्टर होत्या," काका म्हणाले. "बाई खोटं बोलणारी नव्हे. त्यांनी स्वतः मला सांगितलेलं तुम्हाला सांगतो. परवाच्या साली, एक नोव्हेंबरच्या, मृतांच्या सणाच्या रात्री. घरोघरी, वारलेल्या माणसांसाठी पानं मांडलेली. ज्यांचं लेकरू गेलं, त्यांनी पावाचं बाळ भाजलेलं. सिस्टर वरच्या वाडीतून परत निघाल्या होत्या. वजनाचा काटा खांद्याला.

वाटेत निलगिरीखाली एक बाई उभी. पाठीवर शालीत बांधलेलं मूल.

'सिस्टर, माझ्या विल्बरचं वजन करता? घाटापलीकडे यंदा कुणी आलंच नाही.'

खरंच होतं ते. गाडी बंद पडली होती. दुरुस्तीची मंजुरी येईना."

"म्हणून वर्षभर कुणी गेलंच नाही?" माझा आवाज चढला. "चालत जायचं ना!"

"राजधानीत, लिमाला शिकून आलीस ना, पोरी? तिथल्या साहेबांना विचार."

"काका, भूत येईपर्यंत बटाट्यांचा लगदा होईल," आना म्हणाली.

"होऊ दे. मला तरी कुठं दात आहेत?"

मग काका हसायचे थांबले.

"सिस्टरनी काटा फांदीला लावला. शालीची गाठ आकड्यात अडकवली. साडेचार किलो.

'केवढ्याचा हा?'

'वर्षाचा.'

'वर्षाचा? अगं, तोंड बघू दे त्याचं.'

'नको, सिस्टर. फार रडून झोपलाय.'

'याला आत्ताच्या आत्ता केंद्रात न्यायला हवं.'

बाई बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, 'न्याल? तुम्ही स्वतः न्याल?'

सिस्टरनी शाल आपल्या पाठीला बांधली. निघाल्या. मागून बाईची पावलं. मानेवर बाळाचा श्वास... कोमट. थांबत थांबत.

केंद्राचा दिवा दिसला.

पावलं थांबली.

सिस्टर वळल्या... वाट रिकामी.

पळतच आत आल्या. शाल सोडली.

आत पावाचं बाळ."

काकांनी चुलीत काटकी सारली.

"अर्धा किलोही भरलं नसतं ते. दुसऱ्या दिवशी घाटापलीकडून एक म्हातारी आली. तिनं शाल ओळखली. लेकीच्या थडग्यावर पावाचं बाळ तिनंच ठेवलं होतं, त्याच शालीत गुंडाळून. लेक सातुर्निना. जूनमधल्या, आपल्याकडच्या ऐन हिवाळ्यातल्या हिवात तापलेलं पोर पाठीला बांधून रात्रीच इकडं यायला निघाली होती. एकटी. सकाळी दोघं सापडली... त्या निलगिरीखाली."



"आणि काटा?" मी विचारलं.

काकांनी आत बोट दाखवलं.

मी मोबाइलचा उजेड टाकला. तुळईला काटा लटकत होता. खाली रिकामी झोळी. सुई साडेचारवर.

"बिघडलाय," मी म्हणाले.

"दोनदा दुरुस्त करून आणला. आता असं कर... खालून हात लाव. बाळाला धरतात तसा."

मी झोळीखाली तळवा धरला.

सुई हलली. चार... तीन... हळूहळू शून्यावर आली.

"हात काढ ना गं," आना कुजबुजली.

तळव्याला ऊब लागत होती. कोमट. थांबत थांबत.

मला हात काढवेना.