सीलमधली फट

"वहिनी, नवा म्हणून आलेला व्हॉल्व्ह हाताला नवा लागत नाही," दीर म्हणाला होता.

बाळाला भरवता भरवता ती हसली होती. "भावजी, तुम्हाला तर सासुरवाडीचा चहासुद्धा शिळा लागतो!"

आज सकाळी तोच व्हॉल्व्ह फुटला. दीर ज्या फ्रिगेटवर, म्हणजे युद्धनौकेवर कामाला होता, तिच्या इंजिनखोलीत वाफ सुटली आणि त्याचे दोन्ही हात भाजले.

ती गोदीतली तपासनीस. त्याच खेपेतला व्हॉल्व्ह बसवलेली, याच वर्गातली, याच बनावटीची दुसरी फ्रिगेट दुपारी निघणार होती. खोट मालात आहे हे सिद्ध झालं, तरच ती थांबवता येणार होती.

गोदामात टेबलावर फुटका व्हॉल्व्ह होता, शेजारी त्याची फाडलेली पिशवी. गोदामप्रमुखांनी तिच्यापुढे हातमोज्यांचं पाकीट सरकवलं.

"घाला, हात काळे होतील. आत्ताच पॅक केलेत. सील मारायच्या मशीनला मी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही."

पाकिटाच्या सीलमध्ये बारीकशी फट होती, दुधाचा दात पडल्यासारखी.

"व्हॉल्व्ह का फुटला?"

"पोरानं उलटा फिरवला असणार. घरचा म्हणून पांघरूण घालू नका, बाई."

तिच्या कपाळाची शीर उडू लागली. "पिशवी कुणी उघडली?"

"पुरवठादाराचं सील थेट जहाजावर फुटलं. आम्ही बोटसुद्धा लावलं नाही."

दीर म्हणाला तसा व्हॉल्व्ह नवा नसेल, तर जुना आला कुठून? ती तडक गोदीतल्या मोडीत काढलेल्या जहाजावर गेली. याच वर्गातलं सर्वांत जुनं. तिथला मुकादम पाइपचा जोड खोलत होता. खोलण्याआधी त्याने दोन्ही बाजूंना पंचाने, टोकदार छिन्नीने, एकेक ठिपका मारला.

"हे कशाला?"

"परत जोडताना ठिपक्याला ठिपका जुळवायचा. इथं जोडायचं काही नाही, पण सवय जाते होय?"

"आणि खोललेला माल?"

"सगळा गोदामात."

परतल्यावर तिने फुटक्या व्हॉल्व्हवरचा रंग खरवडला. खाली पंचाचा ठिपका होता.

"हा मोडीतल्या जहाजावरचा. नव्या मालावर खोलतानाची खूण कशी असेल?"

"मग पुरवठादारानं फसवलं आम्हाला!"

"मुळीच नाही. पिशवीचं सील बघा. मधे फट. हातमोज्यांच्या पाकिटालाही तीच फट, त्याच जागी. तुमच्या मशीनची पट्टी तिथं तुटलीय, आणि मशीन चालवता फक्त तुम्ही. जुना व्हॉल्व्ह रंगवलात, पॅक केलात, नव्याचं बिल लावलंत. आणि खापर फोडलंत ते भाजलेल्या पोरावर!"

गोदामप्रमुखांनी हातमोज्यांचं पाकीट मागे ओढलं. "अहो, या वर्गाचे भाग बनवणारा कारखानाच बंद पडलाय. जहाजं थांबली असती."

"थांबू द्यायची होती!" तिची मूठ टेबलावर आदळली. "माणसं कशाला उकडलीत?"

दुसरी फ्रिगेट थांबली. इंजिनखोलीतली पोरं कुरकुरत खाली उतरली. कुरकुरू देत. धडधाकट होती.

तुमच्या घरातलं कुणी जुन्या जहाजावर, जुन्या यंत्रापाशी असेल, तर आज फोन करा. "मजेत आहे" म्हणालं तरी ठेवू नका. काय खटकतंय तेही विचारा, आणि सांगितलं तर माझ्या नायिकेसारखं हसण्यावारी नेऊ नका.