हरकत असल्यास कळवावे

जुनेद परकारला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो माझ्याविरुद्ध बोलत होता, आणि दुष्ट इतकं छान बोलत होता की मी माझेच मुद्दे विसरले.

गिरगावात वादविवाद स्पर्धा होती. विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं तर दोघांची नावं-पत्ते महिनाभर सरकारी फलकावर लावतात. ही अट राज्यघटनेत बसते का, हा विषय. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरलेल्या. "प्रेम आहे ना? मग लावा की भिंतीवर! लपवायचं काय?" तो म्हणाला आणि टाळ्या पडल्या. मी खासगीपणाच्या हक्कावर अडखळत राहिले, आणि हरले.

जिन्यात त्याने मला गाठलं.

"तुझं बरोबर होतं. माझ्या चिठ्ठीत उलटं आलं, काय करणार?"

"मग बक्षीस दे इकडे."

"चहा देतो. माहीमहून येतो मी, पण चहा मला गिरगावातलाच लागतो."

"कधीपासून?"

"आत्तापासून..."

मी हसू दाबलं. ते काही दबलं नाही.

दोन वर्षांत आम्ही दोघं वकील झालो आणि मग त्याच फलकावर आमची नावं लागली. जुई विजयकर, जुनेद परकार. खाली ओळ – हरकत असल्यास कळवावे. ती ओळ मी दोनदा वाचली. काही टोळकी या फलकांचे फोटो काढतात, मुलीच्या घरी फोन करतात, मुलाला रस्त्यात गाठतात, हे आम्ही अशिलांकडून ऐकून होतो.

"हरकतीची कारणं कायद्यात मोजकी आहेत," जुनेद म्हणाला. "धर्म त्यात नाही."

"हे त्यांना माहीत आहे?"

त्याने माझी करंगळी घट्ट धरली. "तेव्हा काय बडबडलो होतो गं मी..."

"भिंतीवर लावा म्हणालेलास."

"दे एक थोबाडीत."

"लग्नानंतर."

हसलो दोघंही, पण समोरच्या बसस्टॉपमागे एक बाइक उगाच थांबलेली होती. तेव्हापासून तो मला रोज वाडीच्या तोंडापर्यंत सोडायचा आणि मी गॅलरीत येऊन हात हलवेपर्यंत नाक्यावर उभा राहायचा. मी वर सुखरूप पोचायचे. तो एकटा माहीमला जायचा, आणि त्याचा "पोचलो" असा मेसेज येईपर्यंत मला घास गिळवत नसे.

बाबांना मी सांगितलं नव्हतं. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. रोज संध्याकाळी टीव्हीवर दोन पक्षांचे लोक घटनेचं पुस्तक एकमेकांवर उगारत आणि बाबा म्हणत, "हल्ली घटना सगळ्यांच्या हातात. वाचतो कोण?" मी तोंड उघडायचे... आणि वरणाला फोडणी द्यायला निघून जायचे.

त्या संध्याकाळी मी घरात शिरले तेव्हा बाबा फोनवर होते.

"हो, देवदत्त विजयकरच बोलतोय... कुठला फलक?... जुई?... हं... हरकत?" बराच वेळ ते ऐकत राहिले. "हरकत नाही, हरकत नाही."

फोन बंद झाला. माझी चप्पल अजून पायातच होती.

"उद्या हरकत नोंदवायला या म्हणाला," बाबा म्हणाले. "चार माणसं बरोबर देतो म्हणाला. मी आपलं सवयीने... तू ऐकलंस ना? गॅसवाल्यालाही मी तेच म्हणतो. तर हा फोनवाला भडकलाच. 'कसले बाप तुम्ही! मग त्या जुनेद परकारकडे आम्हीच बघतो,' म्हणाला."

"बाबा... आहे का हरकत?"

"आहे. ढीगभर आहेत. मला परक्याकडून कळावं, ही पहिली." त्यांचा आवाज फाटला. "पण त्या मी तुला सांगेन. त्या माणसाच्या जोडीला उभं राहून नाही."

मी रडायला लागले. प्रेम आहे, बाबा, खूप आहे, एवढंच जेमतेम बोलता आलं.

"कुठे आहे तो आता?"

"नाक्यावर. मी गॅलरीत दिसेपर्यंत जात नाही."

"एकटा?"

मी काही बोलायच्या आत ते गॅलरीत होते. आयुष्यभर हळू बोललेला माझा बाप कठड्यावर वाकून ओरडला, "अहो जुनेद! जुनेद परकार! वर या!"

समोरच्या गॅलरीत दोन दिवे लागले. नाक्यावर एक बाइक सुरू झाली. जुनेद आधी जागचा हललाच नाही, मग धावत सुटला. जिन्यावर त्याची पावलं मी दार उघडून ऐकत होते.

दारात तो धापा टाकत उभा राहिला. "काका, मी..."

"आत या आधी."

बाबांनी दार लावलं, वरची कडी घातली. कडी बसली का, ते त्यांनी ओढून पाहिलं. मग जुनेदनेही. मग मी. तिघंही घाबरलेलो होतो, पण दाराच्या एकाच बाजूला होतो.