टिकलीखालचा पिवळा दिवा

आमची ठमी, माझी धाकटी बहीण, घरात कधी झोपतच नाही. आठ महिन्यांचं एवढंसं कार्टं, पण पाळण्यात घातलं की अख्खी गल्ली गोळा करतं. गाडीत मात्र दहा मिनिटांत गाढ! असं का, हे कोडं आमच्याकडे कुणाला पडलंच नाही. उलट बाबा येईल त्याला कौतुकानं सांगायचे, "गाडी जुनी घेतली खरी, पण पोरीला कशी लाभली बघा!"

२०५८ सालात पेट्रोलची गाडी म्हणजे रस्त्यावरची म्हातारीच. ही तर तिसऱ्या मालकाकडून आलेली. पेट्रोल ढसाढसा प्यायची आणि स्टिअरिंगमागच्या काचेत एक पिवळा दिवा सारखा पेटलेला. "जुन्या गाडीचे दिवे लागणारच," म्हणत बाबांनी आईची मोठी टिकली त्याच्यावर चिकटवून टाकली. आई हसली. मीही हसले, त्यामुळे एकट्या बाबांना बोलायची सोय नाही.

त्या रविवारी सकाळी आम्ही कोल्हापूरहून मिरजेला आबांकडे निघालो. आबा म्हणजे आईचे वडील. जन्मभर इंजिनांवर संशोधन केलं आणि निवृत्तीनंतर घरामागे शेड टाकून गॅरेज थाटलं. गाडीचा धूर तपासून देतो, असं त्यांनीच सांगितलं होतं. थंडी कडाक्याची, म्हणून काचा बंद आणि हीटर चालू. जयसिंगपूर मागे पडलं तसं माझं डोकं ठणकायला लागलं.

"उपाशीपोटी निघालीस, पित्त झालं असेल," आई म्हणाली. तीही कपाळ दाबत होती. ठमी माझ्या शेजारी झोपलेली.

अंगणात गाडी थांबताच शेडमधून नाकोबा आला. नाकोबा हा आबांचा यंत्रमानव. तीन चाकं आणि पुढे हातभर लांब नाक. हवेत कुठला वायू किती आहे, हे तो अचूक सांगतो. त्यानं जायचं होतं गाडीमागच्या धुराच्या नळीकडे. पण बाबांनी दार उघडलं मात्र, तो गर्रकन वळला आणि त्यानं नाक थेट गाडीत खुपसलं.

"धोका! कार्बन मोनॉक्साइड! माणसं बाहेर!"

"अरे, धूर तिकडे मागे आहे," बाबा हसून म्हणाले.

आबा हसले नाहीत. "इंजिन बंद! ठमीला आधी काढा!"

आईनं तिला उचललं आणि ठमीची मान कलंडली.

"ठमे! ए ठमे, ऊठ ना गं!" आईनं तिच्या तळव्यांना गुदगुल्या केल्या. एरवी ही पोर तंगड्या झाडून लाथा घालते. आता काहीच नाही. आबा एकीकडे रुग्णवाहिकेला फोन करत होते, दुसरा हात तिच्या छातीवर. "श्वास चालू आहे. उघड्यावर धर, वारं लागू दे."

रोज मी हिला 'गप बस' म्हणते. त्या दिवशी मीच ओरडले, "रड ना गं! एकदा तरी रड!"

रुग्णवाहिका आली. ठमीच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा चढला. आबा घड्याळाकडे बघत होते, बाबा मातीतच बसले होते. मग तिचं तोंड वाकडं झालं आणि मांजरीच्या पिल्लासारखा बारीक आवाज आला. आई हमसून हमसून रडली.

दवाखान्यात आम्हा सगळ्यांचंच रक्त तपासलं, प्राणवायू दिला. ठमीला दोन दिवस ठेवून घेतलं. "अर्धा तास उशीर झाला असता, तर..." म्हणत डॉक्टरीणबाईंनी ठमीचा मुखवटा नीट बसवला.

मी मात्र परत येताच रागानं फणफणत आबांच्या शेडमध्ये गेले. "हा वायू करतो तरी काय?"

"एसटीत लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना?" आबा म्हणाले. "आपल्या रक्तात हिमोग्लोबिन (प्राणवायू वाहून नेणारा पदार्थ) असतं. त्यातल्या जागा हा वायू आधीच धरून बसतो आणि लवकर उठत नाही. प्राणवायू बिचारा बाहेरच. मेंदूला तो कमी पडला की डोकं दुखतं, मग गुंगी येते. त्याला ना रंग, ना वास."

"म्हणजे ठमी झोपत नव्हती..."

"नाही, बाळा. बेशुद्धीकडे चालली होती."

दारात उभ्या बाबांनी तोंड फिरवलं.

"पण धूर मागून जातो, मग आत कसा आला?"

"तूच शोध." आबांनी मागच्या नळीला हवा फुंकणारं यंत्र जोडलं आणि मला साबणाचं पाणी नि ब्रश दिला. "हवा निसटेल तिथे फेस येईल."

मागे काही नाही. मधल्या डब्यापाशी काही नाही. इंजिनालगतच्या नळीवर कुणीतरी पत्र्याचं ठिगळ मारलेलं होतं. तिथे ब्रश लावला आणि बुडबुडे भसाभसा वर आले! ठिगळाखाली बोटभर भेग होती. इंजिन आणि आपण यांच्यामधल्या पत्र्याचं रबरही झिजलेलं. वायू तिथूनच आत यायचा.

"आता खरी गंमत," आबा म्हणाले. "भेगेपुढे एक संवेदक (नळीतला प्राणवायू मोजणारं इवलंसं नाक) आहे. धूर धक्क्याधक्क्यानं धावतो, दोन धक्क्यांच्या मध्ये भेगेतून बाहेरची हवा आत ओढली जाते. त्या नाकाला काय वाटेल?"

मी विचार केला. "प्राणवायू खूप उरलाय. म्हणजे पेट्रोल कमी पडतंय!"

"मग गाडीचा संगणक?"

"आणखी पेट्रोल ओततो! पण ते पुरतं जळतच नाही..."

"आणि अर्धवट जळलं की कार्बन मोनॉक्साइड वाढतो. त्याला निरुपद्रवी करणारा परिवर्तक (धूर शुद्ध करणारा डबा) भेगेच्या पुढे आहे. वायू तिथे पोचायच्या आधीच निसटतो. संगणक गोंधळला होता, म्हणून तो दिवा लावून सांगत होता, काहीतरी चुकतंय."

बाबा गाडीत गेले. नखानं खरवडून त्यांनी टिकली काढली.

आबांनी फुटकी नळी बदलली, नवं रबर बसवलं. मी पुन्हा साबण लावला. एकही बुडबुडा नाही. गाडी चालू केल्यावर नाकोबानं आत नाक घातलं. "शून्य." मी त्याला तीनदा तपासायला लावलं. पिवळा दिवाही विझलेला होता.

आता दर सुट्टीत मी आणि आबा हा वायू हुंगणारं बटणाएवढं नाक बनवतो आहोत, जुन्या गाड्यांत बसवायला. पहिलं आमच्याच गाडीत लागलं.

त्या वेळी दोन दिवसांनी ठमीला घेऊन परत निघालो, तर मिरज ते कोल्हापूर सबंध रस्ता ती बोंबलत होती. कान किटले. आई झोपवायला गाणं म्हणू लागली, तर बाबा गाडी चालवता चालवता म्हणाले, "राहू दे गं. रडू दे तिला."