शेपटीला कोण होतं

मी महापालिकेच्या शाळेत पीटी शिकवते. त्यामुळे आवाज मोठा आहे आणि माणसं दिसली की त्यांना रांगेत उभं करायची खोड काही जात नाही. चाळीत कुणाचं लग्न असो नाहीतर पाण्याचा टँकर, गळ्यात शिट्टी अडकवून मी पुढे. माझ्या पाठीमागे लोक मला हेडमास्तरीण म्हणतात. म्हणू देत. नळावरची भांडणं माझ्यामुळे बंद झाली, हे तेच लोक तोंडावर कबूल करतात.

आमची चाळ हिंदमाताजवळच्या गल्लीत. विसर्जनाच्या मिरवणुकीत गर्दी मूर्तीवर येऊ नये म्हणून आमच्या मंडळाचा एक जाड दोर असतो. बायकांच्या बाजूला त्याचं पुढचं टोक माझ्याकडे. ते म्हणजे डोकं. मागचं टोक म्हणजे शेपटी, ती दौलतकाकांकडे. काका साठीचे, सगळ्या चाळीचे काका, म्हणून बायकांच्या बाजूला चालतात.

दोराचे नियम साधे आहेत. डोक्याने मागे वळून बघायचं नाही. बघितलं की रांग वाकडी होते. मागचं काय ते शेपटी दोरातूनच सांगते. दोन हिसके म्हणजे थांब, एक लांब ओढ म्हणजे चल. आणि डोक्याने ‘सोड’ म्हटल्याशिवाय शेपटीने दोर सैल सोडायचा नाही.

माझी एक वाईट सवय आहे. दोर हातात आला की मी मनगटाला एक वेढा घेते. त्याने पकड पक्की होते, पण ओढ द्यायच्या आधी हात किंचित फिरवावा लागतो आणि हिसका जरा अडखळत जातो. काका दरवर्षी ओरडतात, “प्राची, वेढा काढ. दोर ओढला गेला तर हात सोडवता येणार नाही तुला.” आईसुद्धा गॅलरीतून बघून तेच म्हणायची. मी दोघांचंही ऐकून घेते आणि वेढा घेते.

मे महिन्यातल्या त्या वादळाने रात्रभर चाळ हलवली. पत्रे उडाले, गॅलरीतल्या कुंड्या खाली गेल्या, समोरचा गुलमोहर गल्लीच्या तोंडाशी आडवा झाला. सकाळी वारा पडला, पाऊस मात्र हटत नव्हता, आणि गल्लीत कमरेएवढं पाणी होतं. लाईट गेलेली होती.

लाईट गेली म्हणजे आईचं ऑक्सिजनचं मशीन बंद. फुप्फुसांचा जुना आजार, मशीनशिवाय तिला धड बोलताही येत नसे. जवळ होता तो छोटा सिलिंडर, आणि त्याचा काटा लाल पट्टीकडे सरकायला लागला होता. रुग्णवाहिकेचा नंबर लागला. ते म्हणाले, पाण्यातून गाडी येणार नाही, तुम्ही पेशंटला वर रस्त्यावर आणा. अग्निशमन दलाचा फोन लागेना. मग नेटवर्कच गेलं.

मी घाबरले होते. आईचे ओठ निळे पडायला लागले होते. पण घाबरून बसायला वेळ नव्हता.

“अभय, मंडळाच्या खोलीतून बांबू आण. आणि दोर.”

अभय माझा धाकटा भाऊ. त्याने आणि शेजारच्या गौतमने निळ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीला दोन बांबू बांधले. आईला तीत बसवलं, सिलिंडर मांडीत, अंगावर ताडपत्री. पावसाचे सपकारे तोंडावर येऊ नयेत म्हणून तिचं तोंड मागच्या बाजूला ठेवलं. दोराचं डोकं मी कमरेला बांधलं आणि हातात एक बांबू घेतला, पुढची जमीन चाचपायला. शेपटीला अर्थात दौलतकाका. माझा पाय उघड्या गटारात गेलाच तर मागून ओढायला कुणीतरी हवं.

“खांबाला हात लावायचा नाही,” मी बजावलं. “चपला नकोत, बूट घाला. मी जिथे पाय ठेवीन तिथेच ठेवायचा.”

“हो बाई,” गौतम म्हणाला. एवढ्यातही त्याला मस्करी सुचत होती.

आम्ही निघालो. पाणी काळं होतं, त्यावर थर्माकोल, चपला, कुणाचा तरी तुळशीचा डबा. पुढचं फार तर चार खांबांपर्यंत दिसे. गल्लीच्या कोपऱ्यावर पडलेल्या गुलमोहराला वळसा घातला तेव्हा दोर क्षणभर सैल पडला. मी थांबले. लगेच तो पुन्हा ताठ झाला आणि मागून एक लांब ओढ आली. चल.

ओढ किंचित अडखळत आली होती. मला हसू आलं. दरवर्षी मला शिव्या घालून शेवटी काकांनी स्वतःच वेढा घेतला होता.

मोठ्या रस्त्याला लागलो. पुलाखालून परळच्या दिशेने सरळ जायचं होतं. पुढे रस्ता चढतो, तिथून हॉस्पिटल जवळ. सिग्नल दिसायला लागला आणि कमरेला दोन हिसके बसले.

मी थांबले. वाट बघितली. काही नाही.

“काका, काय झालं?” मी समोर बघतच ओरडले. पावसाच्या आवाजात उत्तर आलं असलं तरी ऐकू आलं नाही.

“ताई, काटा लालमध्ये गेलाय,” अभय म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता.

मी पाऊल उचललं. पुन्हा दोन हिसके, या वेळी इतके जोरात की मी मागे खेचली गेले आणि बांबू हातातून सुटला. मी चिडले. माझी आई गुदमरत होती आणि हे म्हातारे मला थांबवत होते.

“थांब गो,” आई मास्कमधून म्हणाली. बाकी काही नाही.

मी थांबले.

सिग्नलच्या विजेच्या डब्याजवळून एक कुत्रा पोहत येत होता. पिवळा, कान पडलेला. तो आमच्याकडेच येत होता. मध्येच त्याचं अंग ताठ झालं. आवाजसुद्धा केला नाही त्याने. मग तो एका कुशीवर फिरला आणि पाण्याबरोबर सावकाश निघून गेला.

आमच्या बाजूची लाईट गेली होती. पलीकडची चालू होती.



दोर उजवीकडे ताणला गेला. मी त्या बाजूला वळले. बांबू नव्हता, पायानेच चाचपत गेले. दुभाजक ओलांडला. उलट्या बाजूने, खांबांपासून लांब. प्रत्येक वळणावर दोर सांगत होता आणि मी ऐकत होते.

मग रस्ता चढला. पाणी गुडघ्यावर आलं, घोट्यावर आलं. हॉस्पिटलचं फाटक दिसलं. वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन धावले. अभय आणि गौतम आईबरोबर आत पळाले. मी कमरेचा दोर सोडून फाटकाच्या गजाला बांधला आणि त्यांच्यामागे धावले. ‘सोड’ म्हणायचं राहून गेलं.

आईला ऑक्सिजन लागला. ओठांचा रंग परत यायला लागला तेव्हा मी जमिनीवर बसून मोठ्याने रडले. हेडमास्तरीण रडते आहे म्हणून गौतमने तोंड फिरवलं.

मग काकांची आठवण झाली. बाहेर आले तर ते एका ट्रकमधून उतरत होते. कपाळावर खोक, पाय लंगडत.

“आई कशी आहे?”

“बरी आहे. काका, तुम्ही ट्रकमध्ये कसे?”

“कसे म्हणजे? त्या गुलमोहरापाशी पाय अडकला माझा, दोर सुटला हातातून. किती हाका मारल्या! तू कसली मागे बघतेस. नियम म्हणजे नियम. मग या ट्रकवाल्यांनी लांबच्या रस्त्याने आणलं.”

मी गजाकडे बघितलं. त्यांनीही बघितलं.

दोर फाटकातून बाहेर जात होता, उतारावरून खाली, कोपऱ्यावरून वळून पावसात. जमिनीला कुठेही टेकलेला नव्हता.

काकांनी त्याला हात लावला आणि काढून घेतला. “म्हण,” ते हळू म्हणाले. “तू डोकं आहेस.”

“सोड,” मी म्हणाले. शाळेच्या मैदानावर ओरडते तशी पुन्हा ओरडले, “सोड!”

दोर सैल झाला नाही.

“वेढा घेतलाय,” काका म्हणाले आणि आत निघून गेले.

संध्याकाळी आईने मास्क बाजूला केला. आवाज खोल गेला होता, पण तिला बोलायचंच होतं.

“दमलंस मा?” ती म्हणाली. “मी सगळा वेळ तुझ्याकडेच बघत होतंय.”

“माझ्याकडे कसं बघशील? मी पुढे होते. तुझं तोंड मागे होतं.”

“मागेच. दोर धरून.” तिने माझा हात हातात घेतला, मनगट उलटं-सुलटं करून बघितलं. “किती वेळा सांगितलंय तुका, वेढो घेव नको म्हणान. शिट्टी अशी छातीवर आपटत होती. आणि केस गो? केस कधी इतके पांढरे झाले तुझे?”

माझे केस तेव्हा काळेभोर होते. ऑक्सिजन कमी पडला की माणसाला काहीही दिसतं, असं डॉक्टर म्हणाले. अभयलाही ते पटलं.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर मी आणि काका दोराच्या मागे मागे गेलो. तो आता रस्त्यावर पडला होता. त्याचं टोक सिग्नलच्या डब्यापाशी होतं. टोकाला एक वेढा होता, तसाच गोल, वळण धरून राहिलेला. मी त्यात हात घालून बघितला. बरोबर बसला.

आई त्यानंतर दोन पावसाळे जगली. शेवटचे दिवस घरातच, गॅलरीकडे तोंड करून काढले तिने.

यंदा माझ्या कानशिलाजवळ पांढरे केस दिसायला लागले. शाळेतली नवी शिक्षिका प्रीती म्हणते, कलप लावा ना मॅडम, दहा वर्षांनी लहान दिसाल. मी लावत नाही. शिट्टी गळ्यात असतेच. दोराला वेढाही घेते, आणि काका आता ओरडत नाहीत.

लांबून, पावसातून, आईला ओळखता यायला हवी मी.